पेट्रोल भरताना गन सारखी कट होते? कॅनिस्टर बदलण्याआधी ब्रीदरची नळी बघा

लक्षण ठरलेलं असतं. काटा रिझर्व्हला टेकलेला, टाकी जवळपास रिकामी. पंपावरचा मुलगा झिरो दाखवतो, गन आत घालून घोडा लॉक करतो आणि लिटरभर पेट्रोल जायच्या आत ‘खट’. पुन्हा दाबतो, पुन्हा खट. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागतात. शेवटी तो बिचारा घोडा अर्धवट दाबून धरतो आणि धारेधारेने पाचशे रुपयांचं पेट्रोल घालून देतो. जाता जाता म्हणतो, “साहेब, गाडीत प्रॉब्लेम आहे.” सर्व्हिस सेंटरला गेलं तर तिथला सल्लागार म्हणतो, “पंपाची गन खराब असेल, दुसरीकडे भरून बघा.” दोघांचंही कधी ना कधी खरं ठरतं, म्हणून मूळ दोष महिनोन्‌महिने तसाच राहतो.

इंटरनेटवर शोधायला गेलात तर समोर येणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. पर्ज व्हॉल्व्ह बदला, व्हेंट व्हॉल्व्ह बदला, चारकोल कॅनिस्टर बदला (कॅनिस्टर म्हणजे पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा, पर्ज व्हॉल्व्ह त्यातली वाफ इंजिनकडे सोडतो, व्हेंट व्हॉल्व्ह त्याची बाहेरच्या हवेची वाट उघडतो-बंद करतो), असा त्यांचा क्रम. तिकडच्या गाड्यांसाठी तो बरोबर आहे. आपल्याकडच्या गाडीला तोच क्रम लावला तर बरेचदा काही हजार रुपये जातात आणि गन तरी कट व्हायची ती होतेच. याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. ते आधी समजून घेतलं तर तपासणी निम्म्यावर येते.

गन कट होते म्हणजे काय होतं

गनच्या नळीच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल जोरात वाहत असताना गनच्या आतल्या अरुंद जागी दाब कमी होतो आणि त्या भोकातून सतत थोडी हवा आत ओढली जाते. भोक पेट्रोलने झाकलं की हवा मिळणं बंद होतं, आतला पडदा खेचला जातो आणि घोडा सुटतो. एवढंच. यात वीज नाही, इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही. टाकी भरली की नाही हे गनला कळत नसतं, टोकाशी पेट्रोल आलं एवढंच तिला कळतं.

म्हणजे टाकी रिकामी असताना गन कट होत असेल, तर आत गेलेलं पेट्रोल नरड्यातून, म्हणजे झाकणामागच्या नळीच्या तोंडातून, उलटं वर येतंय किंवा तिथेच उसळतंय. गाडीत भरणारी साधी गन पूर्ण दाबली तर मिनिटाला साधारण ३५ ते ४० लिटर सोडते. तेवढ्याच वेळात टाकीतली तेवढीच हवा आणि वाफ बाहेर पडली पाहिजे. अरुंद तोंडाची बाटली नळाखाली धरून नळ पूर्ण सोडला की पाणी आत जाण्याऐवजी तोंडातून उडतं, तोच प्रकार इथे होतो.

ही हवा बाहेर कुठून जाते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलच्या झाकणापासून टाकीपर्यंत दोन नळ्या जातात. एक जाड, पेट्रोल जाण्याची. तिच्या शेजारून एक बारीक, टाकीच्या वरच्या भागातून निघून पुन्हा नरड्याच्या तोंडाशी येणारी. हिला गॅरेजमध्ये ब्रीदर म्हणतात. भरताना टाकीतली हवा मुख्यतः या बारीक नळीने वर येते आणि गनच्या बाजूने बाहेर पडते. पंपावर जो पेट्रोलचा वास येतो तो हाच. कोळसा भरलेला कॅनिस्टर आपल्या गाडीतही असतो, पण त्याचं मुख्य काम गाडी उन्हात उभी असताना टाकीत तयार होणारी वाफ धरून ठेवण्याचं. पेट्रोल भरताना निघणारी सगळी वाफ त्यानेच गिळावी अशी अपेक्षा नसते.

अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने हीच अपेक्षा सक्तीची झाली. तिथे नरडं मुद्दाम अरुंद ठेवतात, म्हणजे भरताना पेट्रोलचाच बूच बसतो आणि वाफेला वर यायला वाट उरत नाही. सगळी वाफ मोठ्या कॅनिस्टरमधून गाळून बाहेर सोडली जाते. कॅनिस्टर किंवा त्याच्या पुढची वाट तुंबली की तिथे गन लगेच कट होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, पण भरतानाची वाफ गाडीतच पकडण्याची सक्ती त्यात आली नाही. मोठ्या शहरांतल्या काही पंपांवर वाफ परत ओढून घेणाऱ्या गन बसवल्या आहेत, म्हणजे ते काम गाडीऐवजी पंपाकडे दिलं आहे.

कुणाला अजूनही कॅनिस्टरवरच संशय असेल तर डिझेल गाड्यांकडे बघा. त्यांना चारकोल कॅनिस्टर नसतोच. तरीही ‘गन सारखी कट होते’ ही तक्रार डिझेलवाल्यांची पण असते.

गाडीची आहे की पंपाची, हे पंपावरच ठरवा

एका पंपावरून निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन-तीन पंपांवर भरून बघा. एकाच पंपाच्या एकाच गनला त्रास होत असेल तर प्रश्न तिथेच मिटला. त्या मुलालाच विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. “ही गन जरा नाजूक आहे, त्या बाजूला घ्या,” असं सरळ उत्तर मिळतं.

हायवेवर डिझेल भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ट्रकसाठी जास्त वेगाच्या गन असतात आणि त्या कारच्या नरड्याला झेपत नाहीत. शिवाय डिझेलला फेस येतो, तो फेस गनच्या भोकाशी पोचला तरी ती कट होते. काही सेकंद थांबलं की फेस बसतो. तेवढ्याने भागत असेल तर गाडी ठीक आहे.

मग गनची दिशा. बहुतेक जण घोडा खाली येईल अशी गन घालतात. ती पाव वळसा फिरवायला सांगा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. नाहीच जमलं तर इंचभर बाहेर ओढून धरायला सांगा. काही गाड्यांच्या नरड्याला तोंडापासून थोड्याच अंतरावर वाक असतो आणि सरळ धार त्या वाकावर आपटून परत येते. फिरवल्याने फरक पडत असेल आणि गाडी नवी असल्यापासून असंच असेल, तर तो त्या मॉडेलचा स्वभाव समजा. त्यावर खर्च करू नका.

आता खरे उपयोगी प्रश्न. गन पहिल्या लिटरलाच कट होते का, की निम्मी टाकी नीट भरते आणि मग अडते? पहिल्यापासून अडत असेल तर दोष नरड्यात, जाड नळीत किंवा ब्रीदरमध्ये. निम्म्यानंतर अडत असेल तर टाकीच्या वरचा व्हॉल्व्ह, ब्रीदरचं टाकीकडचं टोक किंवा चक्क खोटं बोलणारा काटा. काटा अर्धा दाखवतोय आणि टाकीत प्रत्यक्षात पाऊण आहे, असं जुन्या गाड्यांत होतं. अशा वेळी गन आपलं काम चोख करत असते.

झाकण उघडताना फुस्स आवाज येतो का, हेही बघा. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीत थोडा आवाज येणं साहजिक आहे. पण थंड सकाळीसुद्धा झाकण उघडताना जोरात हवा सुटत असेल किंवा आत ओढली जात असेल, तर टाकीची कॅनिस्टरमार्गे हवा घेण्या-सोडण्याची वाट बंद आहे. तिथे कॅनिस्टरवर संशय घ्यायला हरकत नाही. फुस्स नाही आणि तरी गन कट होते, हे ब्रीदरकडे बोट दाखवतं.

काही जणांना वाटतं की वारंवार कट करणं ही मापात मारण्याची युक्ती आहे. ती शंका वेगळी आणि ती तपासायची सोयही वेगळी आहे. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवणं बंधनकारक असतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. गाडीचा दोष शोधताना ते भांडण मध्ये आणू नका. तुमच्याच गाडीत गन अडते आणि मागच्या स्कूटरला व्यवस्थित भरते, तर मापाशी त्याचा संबंध नाही.

चाकाच्या वर, प्लास्टिकच्या मागे

घरच्या घरी बघता येण्यासारखी गोष्ट म्हणजे झाकणाच्या आतलं तोंड. मोबाइलच्या उजेडात, इंजिन बंद, आसपास विडी-सिगारेट नाही. नरड्यात थोडं आत एक स्प्रिंगची छोटी झडप असते. ती बोटाने किंवा प्लास्टिकच्या चमच्याच्या दांड्याने दाबून बघा. दाबली की आत जायला आणि सोडली की परत यायला पाहिजे. वाकलेली, अर्धवट अडकलेली किंवा गंजलेली असेल तर धार तिच्यावर आपटून उडते. तोंडाच्या कडेला ब्रीदरचं भोक दिसत असेल तर त्यात माती किंवा कोळ्याचं जाळं नाही ना, तेही बघून घ्या.

पुढचं काम गॅरेजचं आहे, पण तुम्ही शेजारी उभं राहून करून घ्या. ज्या बाजूला पेट्रोलचं झाकण आहे त्या बाजूचं मागचं चाक काढायचं आणि चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडवायचं. त्यामागे दोन्ही नळ्या उघड्या दिसतात. मिस्त्री जाड नळीकडे बघून “क्लिअर आहे” म्हणेल. बारीक नळी मुळापासून शेवटापर्यंत हाताने चाचपायला लावा. बघायचं एवढंच: कुठे दुमडली आहे का, क्लिप इतकी आवळली आहे का की नळी चपटी झाली, कुठे चिखल सुकून तिला दाबून बसला आहे का. कोकणातल्या लाल मातीत आणि शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत या अस्तरामागे दोन पावसाळ्यांत घमेलंभर चिखल साचतो, आणि तो वाळला की विटेसारखा घट्ट होतो.

जुन्या गाडीत बाहेरून सगळं छान दिसूनही आत घोटाळा असू शकतो. रबरी नळीला आतून एक पातळ थर असतो, तो वय झालं की सुटतो आणि पेट्रोलच्या धारेबरोबर फडफडून वाट अडवतो. नळी बोटांनी दाबली तर कुठे मऊ, कुठे कडक लागते. अशी नळी साफ करत बसू नये, बदलावी. हल्ली गाडीच्या कुठल्याही तक्रारीचं खापर इथेनॉलवर फोडायची सवय लागली आहे. जुन्या रबरावर त्याचा काय परिणाम होतो हा प्रश्न रास्त आहे, पण पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे म्हणून गन कट होत नाही.

या सगळ्याआधी मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारायला हवा, आणि तो कुणी विचारत नाही: हे कधीपासून सुरू झालं आणि त्याच्या आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? मागच्या बाजूला ठोकर बसून डेंटिंग-पेंटिंग झालं होतं? पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतली मोटर, बदलायला टाकी खाली उतरवली होती? बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि सिलिंडरचा ब्रॅकेट नेमका त्या कोपऱ्यात आला? उत्तर ‘हो’ असेल तर तिथूनच सुरुवात करा.

ओळखीतल्या एका काकांच्या सेडानचं असंच झालं. वर्षभर त्रास होता. एका गॅरेजने पर्ज व्हॉल्व्ह बदलला, मग कॅनिस्टर बदलला, त्यानंतर टाकी धुऊन दिली. काका प्रत्येक वेळी पैसे मोजून पंपावर जायचे आणि पुन्हा खट. चौकशी करता करता कळलं की आदल्या वर्षी मागच्या चाकावरचा पत्रा बदलला होता. अस्तर काढलं तर बारीक नळी नव्या पत्र्याच्या कडेत आणि जाड नळीत चिमटून बसलेली. ती सोडवून जागेवर बसवली आणि गन लॉकवर टाकी भरली. सुट्या भागांचा खर्च शून्य. नवा कॅनिस्टर अर्थात गाडीतच राहिला.

नळीतून हवा जाते का हे बघायचं असेल तर टाकीत पाव किंवा त्याहून कमी पेट्रोल ठेवा, गाडी थंड असू द्या, जागा मोकळी हवेशीर, जवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर सुरू नको. नळी दोन्ही टोकांनी सोडवून सायकलच्या हातपंपाने हळू हवा मारली तरी पुरते. तोंडाने फुंकणारे महाभाग आहेत, ते करू नका. आणि कॉम्प्रेसरची हवा टाकीला जोडलेल्या नळीत अजिबात मारू देऊ नका. त्या दाबाने टाकीवरचे व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर दोन्ही बिघडतात, आणि मग खरंच कॅनिस्टर बदलावा लागतो.

कॅनिस्टरचा नंबर कधी लागतो

दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या, किंवा झाकण उघडताना फुस्स जोराचं आहे, तेव्हा. कॅनिस्टरला बाहेरची हवा घेण्याची एक वाट असते, काही गाड्यांत तिला बारीक जाळी किंवा फिल्टर असतो. कॅनिस्टर मागे, खालच्या अंगाला बसवलेला असेल तर चिखल आणि धूळ तिथेच जाते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. हसण्यासारखी गोष्ट नाही. मझदा कंपनीने २०११ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीचे पिवळे कोळी टाकीच्या व्हेंट नळीत जाळी विणत होते. पुन्हा २०१४ मध्ये त्याच कोळ्यापायी आणखी सुमारे ४२ हजार गाड्या बोलावल्या. वाट बंद होऊन टाकीत पोकळी तयार होते आणि टाकीला तडा जाऊ शकतो, ही भीती होती.

कॅनिस्टर बिघडवायचा सगळ्यात सोपा उपाय मात्र आपणच रोज करतो. गन कट झाली, आकडा १८६४ वर थांबला, की “राउंड फिगर करू का?” आणि आपण मान डोलावतो. मग दोन हजार होईपर्यंत थेंबथेंब कोंबलं जातं. पहिल्या कटनंतर टाकीत वर जी जागा राहते ती वाफेसाठी मुद्दाम सोडलेली असते. ती पेट्रोलने भरली की गाडी चढाला लागल्यावर किंवा तापल्यावर ते पेट्रोल वाफेच्या नळीने कॅनिस्टरमध्ये जातं. कोळसा वाफ धरू शकतो, पेट्रोलच शिरलं तर निकामी होतो, आणि त्याचे दाणे फुटून पुढच्या नळीत-व्हॉल्व्हमध्ये जातात. उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, हा दरवर्षी फिरणारा मेसेज खोटा आहे, इंडियन ऑइलनेही तसं जाहीर केलं होतं. टाकी पहिल्या कटपर्यंत बिनधास्त भरा. राउंड फिगरचा आग्रह सोडा, नाहीतर भरण्याआधीच ठराविक रक्कम सांगा.

पर्ज व्हॉल्व्हचं लक्षण वेगळं असतं. तो उघडा अडकला तर भरताना काही होत नाही, पण पेट्रोल भरून गाडी सुरू करताना ती पटकन पेट घेत नाही, घुटमळते, पेट्रोलचा वास येतो. दोन तक्रारींची सरमिसळ करून गॅरेजला सांगू नका, ते सोपी असेल ती दुरुस्त करतात. स्कॅनर लावून “एकही कोड नाही, म्हणजे दोष नाही” हा निर्वाळाही मानू नका. दुमडलेल्या रबरी नळीचा कोड कुठलाच कॉम्प्युटर देत नाही. पी०४४६ सारखा व्हेंटशी संबंधित कोड आलाच तर ती वायरिंग आणि व्हॉल्व्ह जरूर तपासा.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी हा क्रम उलटा वाचावा: तिथे आधी कॅनिस्टर आणि व्हेंट व्हॉल्व्ह, नंतर नरडं. इथेही एखाद्या पूर्ण आयात गाडीच्या नरड्याशी बारीक नळी दिसलीच नाही, तर तिलाही तोच क्रम लावा.

काहीच सापडलं नाही तर

मग उरतो टाकीच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह. टाकी ठरावीक पातळीला भरली की तो वाफेची वाट बंद करतो, आणि गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ देत नाही. तो बंद स्थितीत अडकू शकतो, पण क्वचित. प्लास्टिकच्या बऱ्याच टाक्यांत तो टाकीलाच वेल्ड केलेला असतो, सुटा मिळत नाही, म्हणजे टाकीच बदलायची वेळ येते. हा निर्णय शेवटचा. टाकी उतरवल्यावर आधी जाड नळी टाकीत शिरते तिथली झडप तपासायला सांगा. पेट्रोल उलटं वर येऊ नये म्हणून ती असते. तीच चिकटून बसली असेल तर पेट्रोल टाकीत शिरतच नाही.

सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डवर “पेट्रोल भरायला त्रास” एवढंच लिहू देऊ नका. “सर्व पंपांवर, पहिल्या लिटरपासून गन कट होते, मागच्या चाकाचं अस्तर काढून ब्रीदर नळी तपासावी” असं लिहून घ्या. वॉरंटी असेल तर दोन वेगवेगळ्या पंपांवर काय होतं त्याची पावत्यांसह नोंद ठेवा. व्हिडिओ काढायचाच असेल तर गनपासून लांब, काचा बंद करून गाडीच्या आतून मीटरचा काढा.

काम झाल्यावर गॅरेजवाल्याने बाटलीने लिटरभर ओतून दाखवलं, तर त्यावर गाडी ताब्यात घेऊ नका. बाटलीने कुठल्याही नरड्यात पेट्रोल जातं. काटा रिझर्व्हवर असताना त्याला सोबत घेऊन पंपावर जा, घोडा पूर्ण दाबून लॉक करायला सांगा आणि पहिल्या कटला किती लिटर गेलं ते बघा. पुस्तिकेत टाकी ३७ लिटरची लिहिली असेल आणि रिझर्व्हचे चार-पाच लिटर आत असतील, तर ३० ते ३३ च्या आसपास एकाच दमात गेले पाहिजेत. वीसला अडली तर बिल द्यायच्या आधी अस्तर पुन्हा काढायला लावा.